कागदावर ८२ टक्के हात धुतात आणि टाके तरी पिकतायत, काय करू?

आयसीएन_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी तालुक्याच्या गावातल्या एका ६० बेडच्या हॉस्पिटलमधे स्टाफ नर्स आहे, ११ वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी मला इन्फेक्शन कंट्रोल नर्स केलं कारण एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाचं सर्टिफिकेट देणारी संस्था) तयारी चाललीय आणि त्यात ती पोस्ट लागते. ट्रेनिंग तीन दिवसांचं झालं, बाकी जमेल तसं वाचून शिकतेय. हॉस्पिटलचं नाव प्लीज विचारू नका.

माझं मुख्य काम म्हणजे हँड हायजिनचं ऑडिट. पाच मोमेंट्सचा फॉर्म असतो, पेशंटला हात लावायच्या आधी, सलाईन कॅथेटर ड्रेसिंग असलं स्वच्छ काम करायच्या आधी, रक्त लघवी वगैरे लागायची शक्यता असेल त्यानंतर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि नुसता बेडला लॉकरला हात लागला तरी त्यानंतर. मी फॉर्म घेऊन वॉर्डमधे उभी राहते आणि टिक करते. मागच्या महिन्यात ८२ टक्के आले, मीटिंगमधे टाळ्या झाल्या. आणि त्याच महिन्यात दोन सिझरच्या बायकांचे टाके पिकले, एकीला परत अ‍ॅडमिट करून टाके उघडून रोज ड्रेसिंग, बाळ घरी आजीजवळ आणि ही इकडे दूध दाटलं म्हणून रडतेय, बघवत नव्हतं. आयसीयूतल्या एका आजोबांना लघवीच्या नळीतून इन्फेक्शन झालं, कल्चरमधे क्लेबसिएला नावाचा जंतू आला. सगळं हातांमुळेच झालं असं मी म्हणत नाही, सिझरच्या टाक्याला इतर चार कारणं असतात, पण मला झोप लागत नाही.

मग एका रात्री फॉर्म न घेता वॉर्डमधे होते, ड्यूटी नव्हती, नणंदेच्या सासूबाई अ‍ॅडमिट होत्या म्हणून त्यांच्याजवळ बसले होते. अडीच वाजले असतील. एक सिस्टर, १४ पेशंट. तिने एकाची युरीन बॅग रिकामी केली, ग्लोव्ह्ज काढून टाकले, तेवढ्यात सहा नंबरच्या नातेवाईकाने हाक मारली सलाईन संपलं म्हणून, तशीच जाऊन बाटली बदलली, मग आठ नंबरचं बीपी, मग त्याची सुई निघालेली दिसली म्हणून दुसरी व्हेन शोधायला लागली. स्पिरिटने पुसलं, आणि पुसून झाल्यावर परत त्याच बोटाने व्हेन चाचपली आणि सुई घातली. वीस मिनिटांत एकदाही हात धुतले नाहीत. आणि ती मुलगी वाईट नाहीये हो, माझ्याच हाताखाली शिकलीय, पेशंटना जीव लावते. बेसिन वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला टॉयलेटला लागून, तिथे दिवसभर सगळ्यांनी हात पुसलेला एकच टॉवेल खिळ्याला लटकलेला, मी उठून हात लावून बघितला तर रात्रीच्या अडीचला पण ओला होता. हँडरबची, म्हणजे हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाची, बाटली नर्सिंग स्टेशनवर, तिचा पंप अर्धा सुकून अडकलेला, दाबला की कुठेही उडतो म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

तर वेळ नाही म्हणतात त्यांना काय सांगू? आमचे सर्जन सर फार सिनियर आहेत, राऊंडला मोबाईल कानाला लावून येतात आणि त्याच हाताने ड्रेसिंगचा कोपरा उचलून बघतात, त्यांना मी कोण सांगणारी? आणि स्टोअरला विचारलं तर म्हणाले गेल्या महिन्यात अख्ख्या हॉस्पिटलला हँडरबच्या ५०० मिलीच्या ११ बाटल्या गेल्या, हे कमी आहे की जास्त तेही मला कळत नाही. कोणी अनुभवी असेल तर खरंच सांगा.

---

भूलतज्ज्ञ_सांगली

ताई, आधी त्या ११ बाटल्यांचंच बघू कारण तुमच्या सगळ्या पोस्टमधला सर्वात खरा आकडा तोच आहे. साडेपाच लिटर झालं. ६० पैकी सरासरी ४५ बेड भरलेले धरले तर महिन्याचे १३५० पेशंट-दिवस (एक पेशंट एक दिवस राहिला की एक), म्हणजे हजार पेशंट-दिवसांना साधारण ४ लिटर. डब्ल्यूएचओचा हॉस्पिटलने स्वतःला तपासायचा जो फॉर्म आहे त्यात हजार पेशंट-दिवसांना किमान २० लिटर धरलंय. आता उलट्या बाजूने बघा, एका वेळी ३ मिली लागतं, तर साडेपाच लिटरमधे हात चोळणं झालं १८०० वेळा, भागिले १३५०. एका पेशंटमागे पूर्ण २४ तासांत दीड वेळा पण नाही, आणि त्यात तुम्ही, आम्ही, लॅबवाला, फिजिओ, एक्सरेवाला सगळे आले. साबणाने धुतलेलं यात धरलेलं नाही हे मान्य, पण ते बेसिन तुम्ही जसं सांगताय तसं असेल तर तिथे कोण किती वेळा जाणार.

८२ टक्के खोटं नाहीये, पण ते तुम्ही समोर उभ्या असतानाचं आहे. कोणी बघतंय म्हटलं की सगळीकडेच आकडा चढतो, जगभर हा अनुभव आहे. म्हणून ऑडिट चालू ठेवा पण त्याच्या शेजारी दर महिन्याला वॉर्डप्रमाणे लिटर लिहायला लागा.

जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलचं काम मुद्दाम सांगतो कारण त्यांची सुरुवात तुमच्यासारखीच होती. दिदिए पिते आणि त्यांच्या टीमने १९९४ ला मोजलं तेव्हा ४८ टक्के, आणि हँडरब १९९३ ला हजार पेशंट-दिवसांना ३.५ लिटर. तुमचं ४ आहे. १९९७ पर्यंत ते ६६ टक्क्यांवर आले, हँडरबचा वापर पुढे १५.४ लिटरपर्यंत चढला, आणि हॉस्पिटलात लागलेली इन्फेक्शन्स १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आली. बेसिनला हेलपाटा मारायची गरजच त्यांनी काढून टाकली, बाटली बेडजवळ आणि स्टाफच्या खिशात, पोस्टर बाहेरून न छापता स्टाफनेच सांगून बनवली, आणि वरच्या लोकांनी उघडपणे पाठिंबा दिला. त्यांच्याच आधीच्या मोजणीत नर्सेस ५२ टक्के आणि डॉक्टर ३० टक्के होते आणि काम जितकं जास्त तितके हात कमी धुतले जातात हेही दिसलं होतं. त्यामुळे तुमच्या त्या रात्रीच्या सिस्टरवर ठपका ठेवायला मी तयार नाही.

वेळेचं गणित असं. साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद, त्यात वॉर्डच्या टोकाला जाऊन येणं, पुसणं, दोन-अडीच मिनिटं सहज गेली. हँडरबला २० ते ३० सेकंद आणि ते चालता चालता होतं. शिवाय एका पेशंटकडून थेट दुसऱ्याकडे जात असाल, मधे कशाला हात लागला नसेल, तर 'नंतर'चं आणि पुढच्याचं 'आधी'चं मिळून एकदाच चोळलं तरी दोन्ही मोमेंट्स होतात. १४ पेशंटच्या बीपीच्या फेरीला १५ वेळा, म्हणजे पाच ते साडेसात मिनिटं. तेच बेसिनला जाऊन करायचं तर अर्ध्या तासाच्या वर जातं, ते रात्री कोणीच करू शकत नाही आणि करत नाही. म्हणून आधी बाटली बेडपाशी आणा आणि तो टॉवेल आजच्या आज काढून टाका, पेपर टॉवेल परवडत नसेल तर धुतलेल्या छोट्या कपड्यांची चळत ठेवा, एक वापरला की धुवायला.

आणि ते व्हेनचं तुम्ही बरोबर पकडलंत. स्पिरिट लावल्यावर परत चाचपायचं नाही. आधी चाचपून जागा ठरवायची, हात चोळायचे, मग स्पिरिट, ते वाळू द्यायचं, मग सुई.

---

रातपाळी

मी सरकारी मधे आहे, नाईटला कधी ३० पेशंट कधी ४० एका सिस्टरला, म्हणून थोडं कडक बोलते, राग मानू नका. दर वर्षी ५ मेला जागतिक हात स्वच्छता दिन येतो, आम्हाला सगळ्यांना गोळा करून हात धुवायचा डेमो करायला लावतात, फोटो काढतात, आणि ६ मेला वॉर्डमधे साबण नसतो. ज्ञान आम्हाला सगळं आहे. सुमन-के आम्हाला झोपेत पाठ आहे, सीधा उलटा मुठ्ठी अंगूठा नाखून कलाई. माणूसच नाहीये वॉर्डमधे त्याचं काय? एक पेशंट फिट येऊन पडलाय आणि मी आधी वीस सेकंद हात चोळत उभी राहू?

आणि हात बघा आमचे. स्वस्त हँडरब आणतात, हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडतात, त्यावर परत अल्कोहोल लागलं की डोळ्यातून पाणी येतं. मग पोरी घेत नाहीत, घेणार कशा.

---

आयसीएन_ताई

रातपाळी ताई, राग कशाला, बरोबरच बोललात. भेगांचं आमच्याकडे पण आहे, मी फॉर्ममधे कधी तो रकानाच बघितला नाही.

---

जुनी_मेट्रन

मी ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, शेवटची ९ वर्षं मेट्रन होते. मराठी टाईप करायला नातीने शिकवलंय, चुका सांभाळून घ्या.

बाळ, तुला एक जुनी गोष्ट सांगते. आम्ही नवीन होतो तेव्हा मोठ्या सरांचा राऊंड संपला की वॉर्डच्या दाराशी मावशी पांढरं इनॅमलचं बेसिन धरून उभी असायची, त्यात सॅव्हलॉनचं पाणी, दुसऱ्या मावशीच्या हातावर घडीचा टॉवेल. सर हात बुडवायचे, पुसायचे, आणि निघून जायचे. आम्हाला वाटायचं काय शिस्त आहे. पुष्कळ वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की सरांनी चाळीस पेशंट तपासले ते सगळे त्याच हातांनी आणि धुतले कधी, तर सगळं झाल्यावर, घरी जायच्या आधी. ते धुणं पेशंटसाठी नव्हतंच, सरांसाठी होतं. आजही तू बघ, रक्त लागलं लघवी लागली की नवी पोरगी पण पळत जाऊन धुते, किळस येते ना. पण हात लावायच्या आधी कोणी धूत नाही कारण आपला हात आपल्याला स्वच्छच दिसतो. तुझ्या फॉर्ममधे पाचही मोमेंट्सची एकच टक्केवारी काढू नकोस, वेगवेगळी काढ. 'आधी'ची दोन किती आणि 'नंतर'ची तीन किती. मला खात्री आहे तुझे ८२ टक्के 'नंतर'वाल्यांनी भरलेले असणार.

सरांचं म्हणशील तर त्यांना पेशंटसमोर एक शब्द बोलायचा नाही. सांगायचंच नाही मुळी, बाटली पुढे करायची. राऊंडला ड्रेसिंग ट्रॉली असतेच, ट्रॉलीवर पहिली बाटली हँडरबची, आणि प्रत्येक बेडपाशी पोचायच्या आधी ट्रॉलीवाल्या सिस्टरने आधी स्वतःच्या हातावर घ्यायचं आणि मग काही न बोलता सरांच्या पुढे बाटली धरायची, जसं आपण सही करायला पेन पुढे करतो तसं. पुढे केलेलं कोणी नाकारत नाही. मी माझ्या शेवटच्या वर्षांत तीन सर्जनना असंच वळण लावलं. एक सर पहिले दोन दिवस माझ्याकडे बघत राहिले, मग हात पुढे यायला लागला, मग एक दिवस सिस्टर विसरली तर तेच म्हणाले, बाटली कुठाय.

आणि बांगड्या, अंगठ्या, मनगटाला बांधलेले गंडेदोरे. नवीन लग्न झालेल्या पोरींना चुडा काढ म्हणून सांगणं मला पण जड जायचं. मी त्यांना एक छोटी डबी आणायला सांगायचे, ड्यूटीला आल्यावर त्यात काढून ठेवायच्या, जाताना देवाचं नाव घेऊन परत घालायच्या. एकीच्या सासूबाई भांडायला आल्या होत्या, त्यांना वॉर्डमधे नेऊन नवजात बाळ दाखवलं आणि म्हटलं हिच्या बांगड्यांच्या खाली काय साठतं ते या बाळाच्या बेंबीला लागतं. परत आल्या नाहीत.

---

लेकीची_पोस्ट

मी नर्स नाही, डॉक्टर नाही. माझी आई एका हॉस्पिटलात मावशी आहे, १६ वर्षं. हा धागा मी तिला वाचून दाखवला तर ती म्हणाली लिही आमचं पण.

ती सकाळी बेडपॅन देते, चादरी बदलते, उलटी पुसते, बेडचे दांडे हायपोने (ब्लीचच्या पाण्याने) पुसते, आणि मग तेच हात घेऊन पेशंटच्या तांब्यात पाणी भरते, आजीला उठवून बसवते, वेणी पण घालून देते कोणाची. दिवसभरात पेशंटला सगळ्यात जास्त वेळा हात कोणाचा लागत असेल तर मावशीचा आणि मामांचा (वॉर्डबॉयचा). ट्रेनिंग झालं की हिला बोलवत नाहीत, नंतर रजिस्टर घेऊन येतात, इथे सही कर म्हणतात. बेडजवळ निळी बाटली लावली होती मधे, तर आई म्हणते मला वाटलं ती डॉक्टर लोकांची आहे, महाग असेल, आपण घेतली तर बोलतील. दोन वर्षं तिने त्या बाटलीला हात लावला नाही. कोणी नाही म्हणालं नव्हतं पण घे असंही कोणी म्हणालं नव्हतं.

हायपोने तिच्या हातांची सालं जातात. जाड रबरी ग्लोव्ह्ज मागितले की स्टोअरमधून सांगतात पुढच्या महिन्यात.

---

भूलतज्ज्ञ_सांगली

हे वाचून मी माझ्या हॉस्पिटलच्या हाऊसकीपिंग सुपरवायझरला आत्ता फोन केला. आमच्याकडे पण तेच आहे. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

---

बाबांचा_मुलगा

नातेवाईक म्हणून लिहितो. बाबा १९ दिवस आयसीयूत होते, व्हेंटिलेटरवर. बाहेर फलकावर लिहिलेलं, भेटायला येताना हात स्वच्छ करा, आम्ही रोज करायचो. आत एक डॉक्टर आले, शेजारच्या पेशंटला तपासून सरळ बाबांच्या गळ्याच्या नळीकडे आले. मी सगळं बळ एकवटून म्हणालो, सर, हात एकदा... एवढंच. त्यांनी थांबून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील आणि उद्यापासून बाबांकडे लक्ष देणार नाहीत, हीच भीती असते हो, आपलं माणूस त्यांच्या ताब्यात असतं. ते म्हणाले, थँक्यू, आणि बाटली घेतली, नीट दोन्ही अंगठे पण चोळले. पण दुसऱ्या एकाला म्हणालो तर ते म्हणाले ग्लोव्ह्ज घातलेत दिसत नाही का. ते ग्लोव्ह्ज त्यांनी आधीच्या बेडवर घातलेले होते.

पेशंटला विचारू द्या असं पोस्टर लावतात, पण आम्ही विचारत नाही, हिंमत होत नाही. आमच्यावर सोडू नका एवढीच विनंती.

---

लेस्टरहून

मी कोल्हापूरची, २०१६ पासून इकडे इंग्लंडमधे नर्स आहे. वरचं ग्लोव्ह्जचं वाचून राहवलं नाही. ग्लोव्ह्ज हे हात धुण्याच्या बदल्यात नाहीत, घालायच्या आधी पण आणि काढल्यावर पण हात स्वच्छ करायचे, कारण काढताना हाताला लागतंच आणि बारीक भोकं असतात ती दिसत नाहीत. एक पेशंट झाला की ते ग्लोव्ह्ज फेकायचे. ग्लोव्ह्जवरच सॅनिटायझर चोळून पुढे जाणं हे मी तिकडे असताना खूप बघितलंय, ते चुकीचं आहे.

इकडे कोपराखाली काही नाही असा नियम आहे, बाही वर, घड्याळ नाही, बांगडी नाही, एक साधी लग्नाची अंगठी चालते, खोटी नखं आणि नेलपॉलिश तर अजिबात नाही. मंगळसूत्र गळ्यात असतं ते आत घालून पिन केलं की झालं, कोणी काही म्हणत नाही. डॉक्टर, कन्सल्टंट, सगळ्यांना तोच नियम. इथे २००४ मधे हात स्वच्छ ठेवायची मोठी देशव्यापी मोहीम सुरू झाली, प्रत्येक बेडजवळ हँडरब आणला. चार वर्षांत एका पेशंटमागे रोजचा साबण आणि हँडरब मिळून वापर २१.८ मिलीवरून ५९.८ मिलीवर गेला आणि त्याच काळात रक्तातलं एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जंतू) इन्फेक्शन जवळजवळ निम्म्यावर आलं. इतरही उपाय चालू होते, सगळं श्रेय एकालाच नाही, पण बाटली जवळ असणं हा पाया होता.

एक महत्त्वाचं, जुलाबाच्या पेशंटकडे हँडरबवर विसंबू नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच. आणि हात दिसायला मळलेले, रक्ताचे असतील तरी साबण-पाणी.

रातपाळी ताई, फिट आलेल्या पेशंटकडे आधी धावायचंच, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. पण २४ तासांत ती वेळ किती वेळा येते आणि साधं बीपी घ्यायची वेळ किती वेळा येते.

---

फार्मसीवाला

थोडं कामाचं. हँडरबच्या डिस्पेन्सरमधे उरलेल्यावर नवीन ओतू नका, साबणाच्या बाटलीत तर अजिबातच नाही, तळाशी जंतू वाढतात. संपू द्या, धुवा, वाळवा, मग भरा. शक्यतो बंद पॅकच वापरा. वडी साबण असेल तर पाणी निथळेल अशी जाळीची साबणदाणी, पाण्यात बसलेली वडी नको.

विकत महाग पडतं म्हणणाऱ्यांना सांगा की डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला उघड आहे, १० लिटरला ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मग ७२ तास बंद ठेवायचं, पेरॉक्साइड त्या द्रावणातले बीजाणू मारायला असतो, हातावरचे मारायला नाही. पण हे फार्मसीच्या माणसानेच करायचं, अल्कोहोल मोजायचं, आगीपासून लांब, आणि एफडीए व एक्साइज दोन्हीकडे आधी चौकशी करून. घरगुती कारभार नको.

भेगांबद्दल. साबणाने धुतल्यावर लगेच हँडरब लावू नका, दोन्ही एकदम करायची गरज नसते आणि त्यानेच कातडी जास्त फाटते. ओल्या हातावर पण नको, पातळ होतं आणि काम करत नाही. ग्लिसरीन असलेलं हँडरब साबणापेक्षा हाताला सौम्य असतं, जळजळतं ते आधीच फाटलेल्या कातडीला. ड्यूटीवर खोबरेल लावून लॅटेक्स ग्लोव्ह्ज घालू नका, तेलाने रबर कमजोर होतं. खोबरेल रात्री घरी. ड्यूटीवर पाण्यात मिसळणारं क्रीम, आणि ते हॉस्पिटलने द्यावं, सिस्टरने स्वतःच्या पगारातून नाही.

---

भूलतज्ज्ञ_सांगली

मेट्रनबाईंनी 'आधी' आणि 'नंतर'चं जे सांगितलं त्याला धरून एक. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात दोन तऱ्हेच्या पाट्या लावून बघितल्या होत्या, २०११ ला छापून आलं. एका पाटीवर होतं की हात स्वच्छ ठेवले तर तुम्हाला आजार लागणार नाहीत, दुसरीवर की पेशंटना लागणार नाहीत. पहिलीने काही फरक पडला नाही, दुसरीने वापर वाढला. आपल्याकडच्या बहुतेक पोस्टरवर नुसती हातांची चित्रं असतात. तुमच्या वॉर्डमधे मराठीत साधं लिहा, हिच्या टाक्याला हात लावण्याआधी, असं काहीतरी.

आणि सर्जन सरांना त्यांच्या स्वतःच्या केसेसचा आकडा दाखवा, एकांतात, दर तीन महिन्यांनी, इतके सिझर, इतके पिकले, सोबत कोणाचं नाव नाही आरोप नाही. व्हिएन्नात १८४७ ला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हेच मोजून दाखवलं होतं, एप्रिलमधे बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांच्या वर, क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावल्यावर जूनमधे २ टक्क्यांच्या आसपास. आकडा त्याच्या बाजूने होता तरी लोक फिरले, आणि त्यात पुढे त्याने मोठमोठ्या डॉक्टरांना पत्रांतून खुनी म्हणायला सुरुवात केली. १८६५ ला बिचारा वेड्यांच्या इस्पितळात गेला. तो खरा होता. म्हणूनच वाईट वाटतं.

---

आयसीएन_ताई

दोन महिन्यांनी परत लिहितेय, तेव्हा सगळ्यांना एकेक करून उत्तर देता आलं नाही त्याबद्दल सॉरी.

मेट्रनबाई, तुम्ही म्हणालात तसं वेगवेगळं काढलं. 'नंतर'ची तीन मिळून ८९, 'आधी'ची दोन ४४. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मीटिंगमधे दाखवला तर एमएस (मेडिकल सुपरिटेंडेंट) सरांचा चेहरा पडला, एनएबीएचच्या तोंडावर हे कशाला उकरलं म्हणाले. मग ११ बाटल्यांचा हिशोब दाखवला, एका पेशंटमागे दिवसात दीड वेळा पण नाही, त्यावर मात्र कोणी बोललं नाही.

बेडच्या पायथ्याला बाटलीचे हुक लावले, आधी फक्त आयसीयू आणि बाळंतिणींच्या वॉर्डमधे. टॉवेल गेला. पंप मावशी रोज सकाळी गरम पाण्याने पुसतात, आता अडकत नाही. ट्रेनिंग परत घेतलं आणि यावेळी पहिल्या रांगेत मावशी आणि मामा बसवले. चमकणारी पावडर असलेलं लोशन मागवलं होतं, ते हाताला चोळून नेहमीसारखे धुवायचे आणि निळ्या दिव्याखाली धरायचे, राहिलेली जागा चकाकते. आमच्या सगळ्यांचे अंगठे आणि बोटांची टोकं चकाकत होती, माझी पण. एका मावशींनी तो हात कितीतरी वेळ दिव्याखाली तसाच धरला आणि म्हणाल्या, म्हणजे मी याच हाताने बाळं पुसते. मग कोणी काही बोललं नाही. लेकीच्या_पोस्टवाल्या ताई, मी सगळ्यांसमोर सांगितलं ही बाटली मावशींची पण आहे, कोणी बोललं तर माझं नाव सांगा. जाड ग्लोव्ह्जचा इंडेंट मी स्वतः सही घेऊन आणला. क्रीमचं अजून अडलंय.

सर्जन सर. पहिल्या दिवशी ट्रॉलीवाल्या सिस्टरचा हात थरथरत होता, मी मागे उभी होते. सर फोनवर होते, बाटली बघितली, फोन खांद्याला दाबून धरला आणि एक हात पुढे केला. एक हात चोळता येत नाही ना, मग फोन ठेवला. आठवड्याने राऊंडला फोन आरएमओंकडे (निवासी डॉक्टरांकडे) द्यायला लागले. रोजच असं होतं असं नाही, ओपीडीची गर्दी असेल तेव्हा अजून तसेच येतात.

गेल्या महिन्यात २७ बाटल्या गेल्या, साडेतेरा लिटर, म्हणजे हजाराला १० झाले. वीस अजून लांब आहे. टाक्यांचं दोन महिन्यांवरून काही बोलणं बरोबर नाही म्हणून बोलत नाही, रजिस्टर चालू आहे, डिस्चार्ज झालेल्यांना पण ३० दिवस फोन करून विचारतेय. ती रात्रीची सिस्टर आता खिशात छोटी बाटली ठेवते. नाईटला अजून एकच सिस्टर आहे, त्याचं लेखी दिलंय, उत्तर नाही.

एकच विचारायचं होतं, हुक प्लॅस्टिकचे आणले ते बेड सरकवताना तुटतायत, आठ तुटले. आणि पुरुष वॉर्डात लावायला मला भीती वाटते कारण दारू सोडवायला आलेले पेशंट असतात तिथे, बाटली तोंडाला लावली तर. तिथे काय करता तुम्ही लोक?

---

रातपाळी

त्या वॉर्डात बेडला लावू नका, स्टाफच्या खिशात १०० मिलीच्या बाटल्या द्या, आम्ही तसंच करतो. हुक स्टीलचे वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, आमच्या इथे सलाईन स्टँड दुरुस्त करणाऱ्यानेच करून दिले. माप घेऊन जा बाटलीचं, आम्ही विसरलो होतो आणि सगळे मोठे झाले.